मॉरीनच्या शेतातला पार्किंगवाला

अधिक महिन्याच्या वाणाला अनारसे करायचे म्हणून तांदूळ भिजवून पंच्यावर पसरले होते. त्यातले निम्मे मिक्सरमधून काढून झाले होते, तेवढ्यात यतिन मागच्या दाराने आत आला. दमट तांदूळ फार वेळ तसेच राहिले तर वास धरतात. पण त्याचा चेहरा बघून मी मिक्सर बंद केला.

"श्यामलाताई, पंचांग आहे ना तुमच्याकडे? कागदाचं?"

"आहे की. बस तरी. चहा टाकू?"

"नको. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी बघून द्या फक्त. फोनवर दोन-दोन दाखवतंय."

यतिन आमच्या मागच्या गल्लीत राहतो. सिडनीच्या केलीव्हिलमध्ये आम्ही घर घेतलं त्याच्या दुसऱ्या वर्षी ते दोघं आणि छोटी मिताली इथे आले. त्याची बायको नीरजा मागच्या ज्येष्ठात गेली. पोटाच्या आजाराने, निदान झाल्यापासून चार महिन्यांच्या आत. वेस्टमीडच्या लॅबमध्ये ती लोकांचे नमुने तपासायची, आणि स्वतःचं दुखणं अंगावर काढत राहिली. तिचं पहिलं वर्षश्राद्ध कधी येतं, हे तो विचारायला आला होता.

मी देव्हाऱ्याखालच्या खणातून पंचांग काढलं. यंदा ज्येष्ठ दोन. आधीचा अधिक, तो नुकताच लागला होता, आणि मग निज. त्यामुळे त्रयोदशीही दोन. एक मेअखेरीस, दुसरी जूनच्या शेवटच्या शनिवारी.

"शनिवारी," तो म्हणाला. एवढंच. मग माझ्या तांदळांकडे बघत बसला.

"काय रे?"

"मॉरीनच्या शेतातलं गाणं त्याच्या दुसऱ्या दिवशी आहे ताई. रविवारी सकाळी."

ज्यांना मॉरीनचं शेत ठाऊक नाही त्यांना हे सांगायलाच हवं.

यतिन मूळचा चिंचवडचा. वडिलांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. पोरगा शिकायला आयर्लंडमध्ये लिमरिकला गेला. नीरजाही तिथेच शिकत होती, पुण्याची, गाणारी. तिच्या खोलीतल्या आयरिश मुलीने एकदा उन्हाळ्यात सांगितलं, आमच्या गावाजवळ एका शेतात तीन दिवस गाणं-बजावणं असतं, चल. जायला गाडी फक्त यतिनकडे होती, तीही तिसऱ्या हाताची. म्हणून त्याला बरोबर घेतलं. "माझं लग्न एका गंजक्या गाडीमुळे झालं," असं तो हसून सांगायचा, तेव्हा नीरजा म्हणायची, "गाडी निदान वेळेवर सुरू व्हायची."

त्या उत्सवाला मोठं नाव नव्हतं, तिकिटावर कुठल्या कंपनीची जाहिरात नव्हती. क्लेअर भागात समुद्रापासून थोडं आत मॉरीन नावाच्या बाईंचं गाईंचं शेत. गाई तीन दिवस शेजारच्या रानात हलवायच्या. गवत वाहायच्या ट्रॉलीवर फळ्या टाकल्या की स्टेज झालं. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, अकॉर्डियन वाजवणारे आसपासच्या गावांतले. कुणी दिवसा पोस्टमन, कुणी शाळेत शिकवणारी. लोकही बेताचेच, सगळे सगळ्यांना ओळखणारे. पाऊस असायचाच.

पहिल्या वर्षी असा पाऊस झाला की निघायच्या वेळी गाड्या जागच्या हलेनात. चाकं नुसती गरगरत आणखी खोल जायची. यतिन गॅरेजवाल्याचा मुलगा. त्याने गोठ्यातली पोती आणली, चाकांखाली घातली, कुणाला मागे-पुढे करायला लावलं, कुणाला ट्रॅक्टरचा दोर बांधला, आणि संध्याकाळपर्यंत शेत मोकळं केलं. मॉरीनने त्याला गरम सूप दिलं आणि म्हणाली, पुढच्या वर्षी आधीपासूनच तू उभा राहा. पुढच्या वर्षी तिने त्याच्यासाठी पिवळं जाकीट आणून ठेवलं होतं. तेव्हापासून तो त्या शेतातला पार्किंगवाला झाला. सिडनीला आल्यावरसुद्धा. वर्षाची सगळी रजा ते दोघं त्याच आठवड्यासाठी राखून ठेवायचे.

यावरून नीरजाच्या आई, चित्रलेखाबाई, पुण्याहून फोनवर बोलायच्या. "माझ्याकडे यायला यांना रजा नाही. चिखलात लोळायला आहे." बोलायच्या म्हणजे दर वर्षी बोलायच्या. आणि खोटं नव्हतं ते.

मी एकदा गेले होते तिथे. माझा भाचा डब्लिनला असतो, त्याच्याकडे गेले असताना नीरजा म्हणाली, "श्यामलाताई, आलाच आहात तर चला. आपल्या नामसप्ताहासारखंच असतं, फक्त प्रसादाला बटाटे."

उपासतापास सांभाळणारी बाई मी, मनात धाकधूक होती. दारू असेल, धिंगाणा असेल. दारू होती. धिंगाणा मात्र नव्हता. तंबूत रात्री थंडी एवढी वाजली की मी विष्णुसहस्रनाम दोनदा म्हटलं. सकाळी उठून बाहेर आले तर धुक्यात एक म्हातारा गवतावर खुर्ची टाकून एकटाच फिडल वाजवत होता. समोर कोणी नाही. मला काकड्याची आठवण झाली. मी तिथेच ओल्या गवतात उभी राहिले. वाजवून झाल्यावर त्याने मला नुसती मान लवून नमस्कार केला आणि चहाला गेला.

रविवारची सकाळ खास. त्या दिवशी वाद्यं बंद. चुना दिलेल्या रिकाम्या गोठ्यात सगळे बाकांवर बसायचे आणि एकेकाने नुसत्या गळ्याने गायचं. फोन आत आणायचा नाही. टाळ्या जवळजवळ नाहीतच, मधूनच कुणी हलकेच "गुड वूमन" म्हणतं, झालं. गाणाऱ्याच्या शेजारचा माणूस त्याचा हात हातात घेतो आणि गाण्याच्या लयीत सावकाश गोल फिरवत राहतो, जात्याच्या खुंट्याला दोघींनी धरावं तसा. नीरजा गायली तेव्हा तिचा हात एका आजोबांनी असाच धरला होता. ती गायली ती मराठी अंगाई होती, तिच्या आईची.

नीज नीज साळुंके, दिवा झाला थोडा,
अंगणात उभा तुझा चांदण्याचा घोडा.

दर वर्षी ती तेच गायची. लोक मागायचेच तेच. पहिल्या वर्षीची फजिती तिने मला तिथेच सांगितली. तिथली रीत अशी की ज्याचं गाणं झालं त्याने पुढच्या गाणाऱ्याचं नाव घ्यायचं. आपल्याकडे बैठकीत कुणी गावं हे थोरामोठ्यांनी सांगायचं असतं. ही पोर गाऊन झाल्यावर हात जोडून, मान खाली घालून बसली. कोणी बोलेना. हिला वाटलं काहीतरी वावगं झालं. त्यांना वाटलं ही अजून गाण्यातच आहे. गोठाभर माणसं श्वास धरून बसलेली. शेवटी मॉरीन म्हणाली, "पोरी, आमच्यावर दया कर आणि कुणाचं तरी नाव घे. मला टॉयलेटला जायचंय."

यतिन त्या गोठ्यात कधीच नसायचा. रविवारी सकाळी निम्म्या लोकांना घरी परतायची बोट गाठायची असायची. तो पिवळं जाकीट घालून फाटकाशी, हातात पोती. मी त्याला म्हटलं होतं, "अरे, बायको गाते, आत ये की जरा."

"सगळे आत बसले तर गाड्या कोण काढणार ताई? घरी ऐकतो की रोज. पुढच्या वर्षी येईन आत."

घरी तरी काय ऐकत असेल. घरी माणूस भांडी घासताना गुणगुणतं, ते वेगळं.

मागच्या वर्षी उत्सव जूनच्या सुरुवातीलाच होता, तेव्हा ती दवाखान्यात होती, ते गेलेच नाहीत. या वर्षी मॉरीनचं पत्र आलं की हा शेवटचा. गुडघे चालत नाहीत आणि मुलाला ते रान गाईंसाठी हवंय. रविवारी सकाळी, नेहमीप्रमाणे, वर्षभरात गेलेल्यांची नावं घेणार. ज्याचं नाव येईल त्याचं गाणं त्याच्या घरच्या कुणी तरी गायचं. नीरजाचं नाव असेल. तू येशील ना?

यतिनला गाता येत नाही. सूर नाही असं नाही, पण लाजतो. तो कॅसल हिलच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो, दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. तरी पत्र आल्यापासून तो गाडीत ती अंगाई म्हणायला लागला होता. मिताली मला सांगत आली, "मावशी, बाबा सिंग्ज इन द कार. लाइक, प्रॉपरली. इट्स सो वीअर्ड." आणि मग तिलाच रडू आलं.

आणि आता ती त्रयोदशी शनिवारी. इथे सकाळी श्राद्ध करून संध्याकाळचं विमान धरलं तरी रविवारी तो डब्लिनला पोचणार दुपारी. तोवर गोठ्यातलं गाणं संपलेलं.

"अधिकातली त्रयोदशी धरली तर?" त्याने मला विचारलं. "ती मेमध्ये आहे."

"आपल्यात अधिकात श्राद्धपक्ष करत नाहीत असंच ऐकलंय मी. पण तुमच्या घरची रीत आईंना विचार."

त्याने तिथेच, माझ्या ओट्याशी उभं राहून पुण्याला फोन लावला. चित्रलेखाबाईंचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं.

"अधिकात कसलं श्राद्ध? मलमास तो. निजातच करायचं."

"आई, मी तिथे आयर्लंडला केलं तर? त्याच दिवशी?"

"गुरुजी कुठले तिथे? की गाईंच्या शेणात बसून करणार आहेस?"

तो ओट्यावर सांडलेले तांदळाचे दाणे बोटाने गोळा करत राहिला.

"यतिन, एवढी वर्षं ती माझ्याकडे यायची सोडून तिकडे गेली. मी काही बोलले नाही."

बोलल्या होत्या. पण ही ती वेळ नव्हती.

"आता वर्षातून एक दिवस ती माझ्याकडे येणार. तोही तू तिकडे देणार असशील तर दे बाबा."

"नाही आई. इथेच करतो. निजात."

अंगाईचं त्याने तोंडातून अक्षर काढलं नाही. कदाचित काढलं असतं तर लाच दिल्यासारखं वाटलं असतं त्याला. फोन ठेवून तो मला म्हणाला, "त्यांचं बरोबर आहे ताई. मीच नेत होतो नीरजाला दर वर्षी. तिकिटं मीच काढायचो." आणि गेला. ते तांदूळ मी फ्रीजमध्ये टाकले, त्या दिवशी काही हात चालेना.

मॉरीनला त्याने येत नाही म्हणून कळवलं. तरी गाडीतलं गाणं बंद झालं नाही, असं मिताली म्हणाली.

मेअखेरची त्रयोदशी आली आणि गेली. त्या दिवशी मी नेहमीसारखी पोथी वाचली. यतिन कामावर गेला होता.

जूनमधल्या त्या शनिवारी मी पहाटेच त्याच्याकडे गेले. नीरजा सवाष्ण गेली, म्हणून जेवायला सवाष्ण लागते, ती मीच. माझे यजमान गुरुदत्त, तेही आले. थंडी मी म्हणत होती, काचांवर दव. मिताली स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. आईची एक साडी तिने स्वतःच नेसली होती, निऱ्या वर-खाली, पण मी हात लावला नाही. यतिनने कॅसल हिलहून मराठी मंडळाचं ताम्हन, पळी-पंचपात्र आणून घासून लख्ख केलं होतं. समोर फोन उभा करून ठेवलेला, त्यात चित्रलेखाबाई. पुण्यात अजून उजाडायचं होतं, पण त्या न्हाऊन, केस पुसून बसल्या होत्या.

गुरुजी तरुण, शनिवारी त्यांना तीन-चार ठिकाणी जायचं असतं. आल्या आल्या बसले. दर्भ, तीळ, सगळं मांडून झालं. यतिनच्या हातावर पाणी दिलं आणि संकल्प सुरू केला. महिन्याचं नाव घेताना विचारलं, "कितवं श्राद्ध?"

"पहिलं."

गुरुजी थांबले. "पहिलं म्हणजे? मागच्याच ज्येष्ठात गेल्या?"

"हो."

"तुम्ही मला मेसेजमध्ये नुसती तिथी आणि तारीख टाकलीत. मला वाटलं दुसरं-तिसरं असेल."

यतिनच्या ओंजळीतलं पाणी बोटांतून गळत होतं. "का? काय झालं?"

"अहो, पुढची सगळी निजात. पण पहिलं वर्षश्राद्ध अधिकातच असतं. बारा महिने पुरे झाले की लगेच. तुमचे बारा महिने मेमध्येच भरले. हे मागच्याच महिन्यात व्हायला हवं होतं."

मितालीने सुरी खाली ठेवली. मी यतिनकडे बघायचं टाळलं.

गुरुजींना काय ठाऊक की त्यांनी काय सांगितलं. त्यांना वाटलं राहून गेलं म्हणून घाबरलेत. ते घाईने म्हणाले, "वाया जात नाही काही. चुकलेलं करता येतं. आपण करूया. घ्या, परत पाणी घ्या."

यतिनने परत पाणी घेतलं. सगळं नीट केलं. पिंडांना नमस्कार करताना त्याचं कपाळ जमिनीला जरा जास्त वेळ राहिलं, एवढंच. गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या घरी गेले.

तेव्हा मिताली म्हणाली, "सो यू कुड हॅव गॉन. बाबा, यू कुड हॅव गॉन अँड कम बॅक."

"मिताली, नको आता."

ती फोनवर विमानं शोधायला लागली. बोटं भराभर चालत होती. "देअर्ज वन टुनाइट. डब्लिनला... नून. संडे नून." पुन्हा शोधलं. "द वन दॅट वर्क्स लेफ्ट दिस मॉर्निंग." मग फोन उलटा ठेवला.

उभ्या केलेल्या फोनमधून चित्रलेखाबाई म्हणाल्या, "कुठे जायचं होतं? काय बोलतेय ती? यतिन, मला मराठीत सांग."

त्याने सांगितलं. सावकाश, एकेक गोष्ट. शेवटचा उत्सव. रविवारची सकाळ. गेलेल्यांची नावं. आणि मग, "तिचं गाणं मी गाणार होतो. तुमची अंगाई. ती दर वर्षी तिथे तीच गायची आई."

पलीकडे चित्रलेखाबाई फोनच्या अगदी जवळ आल्या. मग त्या म्हणाल्या, "माझी? साळुंकीची? त्या चिखलात?"

"हो. लोकांना पाठ आहे. अर्थ कळत नाही, पण पाठ आहे."

"गाढवा. हे आधी नाही सांगायचं? त्या दिवशी फोनवर? मी तुला हाकलून पाठवलं असतं रे." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मी तिला म्हणायचे, तिकडे जाऊन काय परक्यांची गाणी ऐकतेस. तिने एकदा तरी सांगायचं की."

"ती म्हणायची, आई आधीच चिडलेली असते, आणखी कशाला."

त्या तशाच रडत राहिल्या. आम्ही इकडे. जेवणं गार होत होती. शेवटी गुरुदत्त, जे एरवी अशा वेळी उठून बागेत जातात, ते म्हणाले, "यतिन, फोनवरून म्हण की. त्या बाईंना विचार."

"गोठ्यात फोन चालत नाही. नियम आहे."

"विचारून तर बघ."

त्याने संध्याकाळी विचारलं. मॉरीन म्हणाली, नियम माझाच आहे, मोडेनही मीच. पण गोठ्यात सिग्नल धड नाही, मी दाराशी उभी राहून फोन वर धरीन, आवाज येईल तेवढा येईल. तुझी पाळी आली की लावते. आणि पोती कुणाकडे आहेत असं त्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "गाड्यांची काळजी तू आज करू नकोस."

त्या रात्री चित्रलेखाबाईंनी फोनवर त्याच्याकडून अंगाई म्हणवून घेतली. दुसऱ्या कडव्यात तो "रात झाली ओली" म्हणायचा. "रात नाही, वाट. वाट झाली ओली. रात कशी ओली होईल?" हे मितालीने मला सांगितलं. बराच वेळ ते दोघं म्हणत होते म्हणे, एक तिकडून, एक इकडून.

रविवारी संध्याकाळी दिवा लावून मी गेले. इथे संध्याकाळ, तिकडे सकाळ. चित्रलेखाबाईंना यतिनने आधीच फोन लावून ठेवला होता, त्या मितालीच्या फोनवर होत्या, आवाज बंद करून. यतिन जेवणाच्या टेबलाशी बसला, समोर त्याचा फोन. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी हसले नाही.

फोन आला. मॉरीनचा चेहरा दिसला, सुरकुतलेला, टोपी घातलेली. मग चित्र हललं, पाठीमागे पांढरी भिंत आणि माणसांची डोकी. कुणी तरी नावं घेत होतं. एक आयरिश नाव, मग दुसरं. दोन गाणी झाली, ती आम्हाला तुटक तुटक ऐकू आली. मग त्यांच्या तोंडून "नीरजा". ज वर जोर, तरी नीरजाच.

यतिनने डोळे मिटले. सुरुवात खाली झाली, फार खाली. पण लागला सूर.

नीज नीज साळुंके, दिवा झाला थोडा,
अंगणात उभा तुझा चांदण्याचा घोडा.

पलीकडून पुटपुटल्यासारखं काही आलं. ती माणसं बरोबर म्हणत होती की काय, नक्की कळलं नाही. यतिन थांबला नाही.

नीज नीज साळुंके, वाट झाली ओली...

तेवढ्यात मला दिसलं की चित्र थिजलंय. मग स्क्रीन काळी झाली. कॉल तुटला होता. मितालीलाही दिसलं. तिने माझा हात धरला. मी मान हलवली, नको. त्याचे डोळे मिटलेले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा तो मोकळ्या गळ्याने गात होता.

आईच्या कुशीमध्ये आभाळाची खोली.
नीज नीज साळुंके, पाणी झालं गार,
उद्याच्या उन्हासाठी उघडं ठेव दार.

गाणं संपलं. त्याने हात जोडले. मग डोळे उघडले आणि काळा फोन पाहिला.

"कधी गेला?"

"वाट झाली ओली," मिताली म्हणाली. मराठीत.

त्याने मान हलवली. फोन पालथा घातला, परत सुलटा केला. दुसऱ्या फोनमध्ये चित्रलेखाबाई होत्या. त्यांनी आवाज सुरू केला आणि फक्त म्हणाल्या, "मी ऐकलं रे. सगळं ऐकलं." मग त्यांनी फोन ठेवला.

मॉरीनचा फोन थोड्या वेळाने आला. शेतात जाऊन केला होता, मागे वारा. ती म्हणाली, पहिलं कडवं सगळ्यांनी ऐकलं. मग आवाज गेला तरी कोणी उठलं नाही, आम्हाला वाटलं परत येईल. बराच वेळ बसलो. मग मला दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं लागलं, बाळा. लोकांना बोट गाठायची होती.

"बरोबर आहे," यतिन म्हणाला. "गाड्या निघाल्या का सगळ्या?"

"एक अडकलीय. निळी. मुलं ढकलतायत."

"मागच्या चाकाखाली पोतं घालायला सांग. पुढच्या नाही. आणि गिअर दुसरा."

तो हे सांगत असताना मी स्वयंपाकघरात गेले, कारण मला ते ऐकवेना. मॉरीनने तिकडे कुणाला तरी ओरडून सांगितलेलं मला आतपर्यंत ऐकू आलं. मग यतिन म्हणाला, "निघाली?" आणि काही वेळाने, "बरं."

फोन संपल्यावर तो तसाच खुर्चीवर बसून राहिला. मी वरण-भात वाढून आणला. तो जेवला. मितालीने त्याच्या शर्टाची बाही दुमडली, वरणात बुडत होती म्हणून. तो म्हणाला, "ताई, मी एकदासुद्धा आत गेलो नाही हो." देवाचं नाव घेऊन सांत्वन करता येतं असं मी इतकी वर्षं मानत आलेय. त्या वेळी नाव घेतलं ते मनातच, आणि त्याच्या ताटात आणखी तूप वाढलं.

घरी येऊन रोजच्या वहीत लिहायला बसले, पण तारखेपुढे पेन नेता आलं नाही. आज लिहितेय.

आज सकाळी मी कचऱ्याचा डबा आत घेत होते तेव्हा यतिन गाडी काढत होता. मिताली शेजारी, मांडीवर युनिव्हर्सिटीची बॅग. तिला मेट्रोवर सोडायचं होतं. मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेलं मंडळाचं ताम्हन आणि पळी-पंचपात्र होतं. ते कॅसल हिलला परत द्यायला तो तिथूनच पुढे जाणार होता.